जामिया बंद करायची, की दिल्लीला न्यायची?

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या गावी जमातीच्या तीन बैठका झाल्या. विषय एकच होता, मुलींसाठी उर्दू हायस्कूल. आमच्याकडे सातवीपर्यंत वर्ग आहेत. त्यापुढे मुलीला एस.टी.ने तालुक्याला पाठवायचे किंवा घरी बसवायचे, एवढेच दोन रस्ते. मी शाळेत शिकवते आणि माझे अक्षर बरे आहे, म्हणून प्रोसिडिंग लिहायचे काम माझ्याकडे आले.

तिसरी बैठक इशाच्या नमाजनंतर सुरू झाली आणि साडेअकराला संपली. घरी येऊन मी तिन्ही बैठकांचे प्रोसिडिंग पुन्हा वाचले, तेव्हा मला धक्का बसला. एकूण चौदा पाने भरली होती आणि ती सगळी जागेवरच खर्च झाली होती. मशिदीमागची जागा लहान पडते. बायपासजवळच्या जागेच्या सातबाऱ्यावर सहा नावे आहेत. कब्रस्तानालगतची जागा मोफत मिळते, पण तिथे मुली कशा जाणार? प्रत्येक जागेमागे एकेक मोहल्ला उभा होता. दुसऱ्या बैठकीत एका चाचांनी मध्येच विचारले होते, "पण शिकवणार कोण?" त्यावर कोणी काही बोलले नाही आणि चर्चा पुन्हा बायपासवर गेली. चाचांचा प्रश्न मी एका ओळीत लिहिला होता. त्याच्यापुढे उत्तराची ओळ नव्हती.

त्या रात्री मला जामिया मिल्लिया इस्लामियाची आठवण झाली. आज दिल्लीत ओखल्याला उभे असलेले हे केंद्रीय विद्यापीठ एके काळी जागेच्याच प्रश्नावर येऊन अडले होते. हिचे काय करायचे, इथेच ठेवायची, दुसरीकडे न्यायची की बंदच करायची, असा तो प्रश्न होता. वर्ष होते १९२५. त्या वेळच्या बुजुर्गांनी जो निर्णय घेतला आणि ज्या रीतीने घेतला, तो आपल्या प्रत्येक शाळेच्या कमिटीने एकदा समजून घ्यावा असे वाटते, म्हणून हा लेख.

जुम्म्याच्या दिवसाची मजलिस

गोष्ट सुरू होते अलीगढला. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये तिथे मदरसा सुरू केला आणि पुढे त्याचे मोहम्मडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेज झाले. आपल्या कौमला आधुनिक तालीमचा दरवाजा उघडून देणारी ती संस्था होती. परंतु १९२० साली देशात असहकाराची हाक दिली गेली आणि खिलाफत चळवळही जोरात होती. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळा-कॉलेजांवर बहिष्कार टाकावा, हा त्या चळवळीचा एक भाग होता. ऑक्टोबर १९२० मध्ये गांधीजी आणि अली बंधू अलीगढला आले. कॉलेजने सरकारी मदत सोडावी, असा त्यांचा आग्रह होता. कॉलेजच्या विश्वस्तांनी तो मानला नाही. त्यांच्याही मनात काही कमी तळमळ नव्हती. याच वर्षी त्या कॉलेजला विद्यापीठाचा दर्जा मिळत होता आणि कित्येक वर्षांचे स्वप्न हाताशी आले होते. ते कसे सोडायचे?

तेव्हा काही विद्यार्थी आणि शिक्षक बाहेर पडले. आम्ही आमची तालीम स्वतः चालवू, सरकारचा पैसा घेणार नाही, असा त्यांचा इरादा होता. २९ ऑक्टोबर १९२०, जुम्म्याचा दिवस. अलीगढ कॉलेजच्या मशिदीत मजलिस भरली आणि तिथे जामियाची बुनियाद ठेवली गेली. ती ठेवण्यासाठी आले होते देवबंदचे शैखुल हिंद मौलाना महमूद हसन (रह.). इंग्रजांनी त्यांना माल्टा बेटावर कैदेत ठेवले होते. सुटून ते त्याच वर्षी मुंबई बंदरात उतरले होते. तब्येत इतकी खालावलेली होती की त्यांना स्वतःचे भाषणही वाचता आले नाही. मौलाना शब्बीर अहमद उस्मानी यांनी ते वाचून दाखवले. आपल्या दर्दाचे साथीदार आपल्याला मदरसे आणि खानकाहांपेक्षा शाळा-कॉलेजांमध्येच जास्त सापडले, असा त्या भाषणातल्या एका भागाचा आशय होता. देवबंदचा आलिम अलीगढच्या मुलांविषयी हे म्हणत होता, ही लहान गोष्ट नव्हती. महिन्याभरातच, ३० नोव्हेंबरला, त्यांचा इंतकाल झाला.

पुढे नोव्हेंबरमध्ये हकीम अजमल खान यांची अमीर-ए-जामिया म्हणजे कुलपती म्हणून निवड झाली आणि मौलाना मोहम्मद अली पहिले शैखुल जामिया म्हणजे कुलगुरू झाले. त्या वेळी या विद्यापीठाकडे काय होते? इमारत नव्हती आणि स्वतःची जमीनही नव्हती. तंबू आणि भाड्याचे बंगले होते. एकाच गावात दोन संस्था उभ्या राहिल्या होत्या. एकीकडे पक्क्या इमारती, ग्रंथालय, वसतिगृहे आणि सरकारमान्य पदवी, तर दुसरीकडे तंबूत शिकणारी मुले, ज्यांच्या पदवीला सरकारी नोकरीच्या बाजारात काही किंमत नव्हती. ज्या घरांतली मुले तंबूत गेली, त्या घरांत आई-बापांवर काय गुजरले असेल, याची कल्पना आपण मुलांचे पालक म्हणून करू शकतो.

तंबूत गेलेल्यांमध्ये २३ वर्षांचा एक तरुण होता. तो कॉलेजात शिकत होता आणि शिकवतही होता. त्याचे नाव झाकिर हुसैन. जन्म हैदराबादचा, घराणे कायमगंजचे. पुढे १९२२ मध्ये तो उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेला. त्याचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहे.

पैशाचा झरा आटला

चळवळीत जन्मलेली संस्था चळवळीच्या पैशावर जगते. जामियाचा मोठा आधार खिलाफत कमिटीचा निधी होता. मौलाना मोहम्मद अली यांना १९२१ मध्ये अटक झाली. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्यानंतर गांधीजींनी असहकार थांबवला. मार्च १९२४ मध्ये खुद्द तुर्कस्तानातच खिलाफत बरखास्त झाली. ज्या नावावर देशभर चंदा गोळा होत होता, ते नावच उरले नाही. जामियाला मिळणारी मदत थांबली.

मौलाना मोहम्मद अलींनंतर १९२३ पासून बॅरिस्टर अब्दुल मजीद ख्वाजा हे शैखुल जामिया होते. ते मूळचे अलीगढचेच, केंब्रिजला शिकलेले. त्यांच्यासमोर शिक्षकांचे पगार, बंगल्यांचे भाडे आणि मुलांचे जेवण असे रोजचे प्रश्न होते. बहिष्कार टाकून बाहेर पडलेल्यांपैकी देशभरातले अनेक विद्यार्थी परत जुन्या कॉलेजांत जाऊ लागले होते. जोश ओसरला होता. आपण शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. जलशाला हजार माणसे येतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळा पुसायला आपण एकटेच असतो.

तो प्रश्न

१९२५ साली जामियाच्या जबाबदार मंडळींपुढे हा प्रश्न उघडपणे आला. जामिया बंद करावी का?

बंद करावी म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. ज्या कामासाठी जामिया उघडली, ते असहकाराचे काम थांबले होते. पैसे नव्हते. अलीगढमध्येच मुसलमानांचे दुसरे विद्यापीठ उभे होते. कौमची ताकद दोन ठिकाणी का वाटावी, हा सवाल रास्त होता. उपाशी शिक्षकांवर संस्था चालवण्यापेक्षा ती इज्जतीने बंद करणे बरे, असेही कोणी म्हणाले तर त्याला दोष कसा द्यायचा?

दुसरी बाजू अशी होती की, जामिया हा केवळ बहिष्काराचा कार्यक्रम नव्हता. मुसलमान मुलाने आपला दीन, आपली जबान आणि आपला देश या तिन्हींशी नाते राखून शिकावे आणि त्या तालीमवर सरकारचा ताबा नसावा, असा तिचा मकसद होता. चळवळ थांबली म्हणून तो मकसद संपत नाही. चळवळीसाठी शाळा काढली असेल तर ती चळवळीबरोबर जाईल. तालीमसाठी काढली असेल तर तिला राहावेच लागेल.

या बाजूने सर्वांत भक्कमपणे उभे राहिले हकीम अजमल खान. हे दिल्लीचे नामवंत युनानी हकीम. बल्लीमारानमधल्या त्यांच्या शरीफ मंझिलवर नवाबांपासून फकिरांपर्यंत सारे इलाजासाठी येत. ते काँग्रेसचे अध्यक्ष राहिलेले होते. त्यांच्याबरोबर होते डॉक्टर मुख्तार अहमद अन्सारी, ज्यांनी १९१२ मध्ये बाल्कन युद्धाच्या काळात तुर्कस्तानात वैद्यकीय पथक नेले होते. गांधीजींनीही धीर दिला. जामिया चाललीच पाहिजे, पैशाचीच अडचण असेल तर मी भीक मागायला निघेन, असे त्यांनी सांगितले. गांधीजींविषयी आणखी एक आठवण जामियात सांगितली जाते. नावातून 'इस्लामिया' हा शब्द काढला तर इतरांकडून मदत मिळवणे सोपे जाईल, असे कोणी सुचवले, तेव्हा त्यांनीच ते साफ नाकारले. हा शब्द गेला तर मला या संस्थेत रस उरणार नाही, असा त्यांचा भाव होता.

आणि एक आवाज दूर बर्लिनहून आला. झाकिर हुसैन तिथे अर्थशास्त्रात डॉक्टरेटचा अभ्यास करत होते. जामिया बंद होणार ही खबर त्यांच्यापर्यंत पोहोचली. मी आणि माझे काही मित्र जामियासाठी आयुष्य द्यायला तयार आहोत, आम्ही परत येईपर्यंत ती बंद करू नका, असा त्यांचा निरोप होता.

या निरोपात काय होते ते पाहावे. पैसा नव्हता, जमीन नव्हती, इमारत नव्हती. त्यात माणसे होती. "शिकवणार कोण?" या प्रश्नाला, आमच्या गावच्या चाचांना जे उत्तर मिळाले नाही, ते इथे न विचारताच आले होते. बंद न करण्याच्या निर्णयाला यामुळे केवढे बळ मिळाले असेल!

दिल्लीच का?

आता जागेचा प्रश्न. अलीगढला राहण्यात अर्थ नव्हता. तिथे जामिया कायम दुसऱ्या संस्थेच्या सावलीत राहिली असती आणि जुना तंटा रोज नव्याने आठवला असता. लाहोर, लखनौ, मुंबई अशी मोठी शहरे देशात होती. तरी दिल्ली ठरली. याचे कारण जमिनीत शोधू नये, माणसांत शोधावे. हकीमसाहेब दिल्लीचे होते. डॉक्टर अन्सारींचे घर आणि दवाखाना दिल्लीत होता. ज्यांच्या खांद्यावर जामियाचा भार येणार होता, त्यांच्या दारात ती नेली गेली.

दिल्लीतही ठिकाण निवडले करोलबाग. हकीमसाहेबांचे आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेज तिथेच होते. गांधीजींच्या हस्ते १९२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले होते. त्याच परिसरात भाड्याची घरे घेतली आणि १९२५ मध्ये जामिया अलीगढ सोडून तिथे आली. इमारत बांधून मग शाळा, असा क्रम लावला असता तर ती कधीच आली नसती. आधी चालवणारा माणूस, मग त्याच्या जवळची भाड्याची खोली आणि जमीन पुढे पाहू, असा त्यांचा क्रम होता. मग जामिया भाड्याच्या घरांत किती वर्षे राहिली? दहा वर्षांहून अधिक.

शंभर रुपये, मग ऐंशी

फेब्रुवारी १९२६ मध्ये तिघे मित्र जर्मनीहून परत आले. डॉ. झाकिर हुसैन, डॉ. आबिद हुसैन आणि मोहम्मद मुजीब. त्या काळात युरोपात शिकून आलेल्या माणसाला चांगल्या पगाराच्या नोकरीची वानवा नव्हती. जामियाने आबिदसाहेब आणि मुजीबसाहेबांना दरमहा ३०० रुपये देऊ केले होते. पण जामिया झाकिरसाहेबांना १०० रुपयांहून जास्त देऊ शकत नाही, हे कळल्यावर दोघांनीही आपला पगार १०० वर आणला. झाकिरसाहेबांनी मग स्वतःचा आणखी कमी करून ८० रुपये केला. वयाच्या तिशीच्या आत ते शैखुल जामिया झाले आणि १९४८ पर्यंत, म्हणजे २२ वर्षे, त्या पदावर राहिले.

करोलबागेत खर्चाचा मोठा भाग हकीमसाहेब स्वतःच्या खिशातून उचलत होते. २९ डिसेंबर १९२७ रोजी त्यांचा इंतकाल झाला आणि जामिया खऱ्या अर्थाने यतीम झाली. पुन्हा तोच सवाल आला, की आता बंद करायची का? या वेळी उत्तर शिक्षकांनी दिले. १९२८ मध्ये त्यांनी अंजुमन-ए-तालीम-ए-मिल्ली स्थापन केली आणि अहद केला की, आम्ही २० वर्षे जामियाची खिदमत करू आणि दरमहा १५० रुपयांहून जास्त पगार घेणार नाही. तो पगारही वेळेवर मिळेल याची हमी नव्हती. डॉक्टर अन्सारी अमीर-ए-जामिया झाले.

मी स्वतः पगारदार शिक्षिका आहे. पहिल्या तारखेला पगार झाला नाही की आमच्या स्टाफरूममध्ये काय बोलणे होते, ते मला माहीत आहे. म्हणून त्यागाच्या गोष्टी सांगून शिक्षकांना कमी पगारात राबवावे, असे मी मुळीच म्हणणार नाही. आपल्याकडे कित्येक संस्थांत तेच चालते आणि ते जुलूम आहे. जामियाच्या त्या शिक्षकांवर कोणी त्याग लादला नव्हता. संस्था त्यांच्या ताब्यात होती, हिशेब त्यांच्यासमोर होता आणि प्रमुखाने स्वतःचाही पगार कमी केला होता. हा फरक लक्षात घेतला नाही तर या इतिहासाचा गैरवापर होईल.

भाड्याच्या घरांत काय घडले?

जागा अपुरी होती म्हणून तालीम थांबली नाही. मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचे वर्ग सुरू झाले. मुलांसाठी 'पयाम-ए-तालीम' हे मासिक १९२६ मध्ये निघाले. जामियाच्या मकतबाने उर्दूत मुलांसाठी पुस्तके छापली. त्याची मुंबईतही शाखा निघाली आणि महाराष्ट्रातल्या उर्दू शिक्षकांच्या किती पिढ्या तिथून पुस्तकांचे गठ्ठे घेऊन गेल्या असतील! प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मुधोली यांच्यासारखे शिक्षक मुलांकडून दुकान चालवून घेत, बँक चालवून घेत आणि त्यातून हिशेब शिकवत. जामियाचा इतिहासही याच मुधोलीसाहेबांनी लिहून ठेवला.

१९३३ मध्ये गेर्डा फिलिप्सबॉर्न नावाच्या जर्मन यहुदी बाई जामियात आल्या. झाकिरसाहेबांची आणि त्यांची ओळख बर्लिनमधली. लहान मुलांच्या शिक्षणाला त्यांनी स्वतःला वाहून घेतले. मुले त्यांना आपाजान म्हणत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रजांनी त्यांना स्थानबद्धही केले. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि जामियाच्या कब्रस्तानातच त्यांना दफन केले गेले. आपल्या आजच्या काळात ही गोष्ट मुलांना मुद्दाम सांगावी अशी आहे.

खुद्द झाकिरसाहेबांचा एक किस्सा जामियात सांगितला जातो. मुले मळलेल्या बुटांनी शाळेत येत. सांगून ऐकेनात. तेव्हा एके दिवशी शैखुल जामिया स्वतः पॉलिश आणि ब्रश घेऊन दारात बसले आणि येणाऱ्या मुलांचे बूट साफ करू लागले. दुसऱ्या दिवसापासून मुले बूट चमकवून येऊ लागली.

दगड ठेवणारा सर्वांत लहान हात

अखेर स्वतःची जागा मिळाली ती दिल्लीच्या दक्षिणेला, यमुनेच्या काठच्या ओखला या खेड्याजवळ. आज तिथे दाट वस्ती आहे, मेट्रो आहे. तेव्हा शहराबाहेरचे रान होते. शहर सोडून इतक्या लांब कोण येणार, असे तेव्हाही कोणाच्या तरी मनात आले असेलच.

१ मार्च १९३५ रोजी, तोही जुम्म्याचाच दिवस, पायाभरणी झाली. डॉक्टर अन्सारींसारखे अमीर-ए-जामिया हयात होते. कोणी नवाब, कोणी मोठा दानशूर बोलावता आला असता. पण पायाचा दगड ठेवला जामियाच्या सर्वांत लहान विद्यार्थ्याने. त्याचे नाव अब्दुल अजीज. ज्याच्यासाठी इमारत, त्याच्याच हाताने पाया! आपल्याकडे शाळेच्या पायाभरणीच्या दगडावर किती नावे कोरलेली असतात, ते एकदा मोजून पाहावे. त्यात एखाद्या विद्यार्थ्याचे नाव कधी वाचले आहे का?

इमारतीचा आराखडा कार्ल हाइन्झ या वास्तुकाराचा होता. १९३६ मध्ये मकतबा, छापखाना आणि ग्रंथालय सोडून बाकीच्या संस्था ओखल्याला गेल्या. त्याच वर्षी डॉक्टर अन्सारींचा इंतकाल झाला. ते जामियाच्याच भूमीत दफन आहेत. त्यांच्यानंतर अमीर-ए-जामिया झाले अब्दुल मजीद ख्वाजा, ज्यांनी सर्वांत कठीण काळात अलीगढला गाडा ओढला होता.

वर्ध्यापासून राष्ट्रपती भवनापर्यंत

जामियात झालेले प्रयोग दिल्लीपुरते राहिले नाहीत. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. हाताला काम देऊन शिकवण्याची, मातृभाषेतून शिकवण्याची योजना तयार करण्यासाठी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसैन होते. 'नई तालीम' म्हणून जी योजना आम्ही बी.एड.ला अभ्यासली, परीक्षेत टिपा लिहिल्या, तिच्यामागे करोलबागेतल्या भाड्याच्या घरांतला अनुभव होता, हे आम्हाला त्या वेळी कोणी सांगितले नव्हते.

नोव्हेंबर १९४६ मध्ये जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. देशात दंगली पेटल्या होत्या. तरी त्या एका व्यासपीठावर पंडित नेहरू होते आणि मोहम्मद अली जिना होते. झाकिरसाहेबांनी दोन्हीकडच्या नेत्यांना कळकळीने विनवले की, आग कोणी लावली हे शोधण्याची ही वेळ नाही, आधी ती विझवा. वर्षभराने दिल्ली पेटली, तेव्हा करोलबागेतला मकतबा पुस्तकांसह जळाला. ओखल्याची जामिया वाचली आणि चालू राहिली. १९६२ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि १९८८ मध्ये संसदेच्या कायद्याने ती केंद्रीय विद्यापीठ झाली.

अलीगढ आणि जामिया यांच्यातली कटुताही कायम राहिली नाही. १९२० मध्ये अलीगढ सोडून तंबूत गेलेले झाकिर हुसैन १९४८ मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून परत गेले. दोन्ही संस्था आजही उभ्या आहेत आणि आपली मुले दोन्हीकडे शिकतात. झाकिरसाहेब पुढे १९६७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले. १९६९ मध्ये त्यांचा इंतकाल झाला, तेव्हा त्यांना जामियातच दफन करण्यात आले.

आपल्या बैठकांसाठी

ज्या दीनची पहिली वह्य वाचण्याच्या हुकुमाने सुरू झाली, त्या दीनच्या माणसांना तालीमचे महत्त्व सांगावे लागू नये. आपल्याकडे शाळेसाठी तळमळ नाही असेही नाही. आमच्या गावच्या तिन्ही बैठकांना माणसे कामधंदा सोडून आली, उशिरापर्यंत बसली. ज्यांनी मोफत जागा देऊ केली, त्यांची नियत साफ होती. फक्त प्रश्नांचा क्रम उलटा लागला.

जामियाच्या बुजुर्गांनी आधी ठरवले की ही हवी की नको. मग पाहिले की ती चालवायला कोण उभा राहतो. मग ती त्यांच्या जवळ नेली. स्वतःची जागा सगळ्यांत शेवटी आली, स्थापनेनंतर पंधरा वर्षांनी. आणि या पंधरा वर्षांत तालीम एक दिवसही जागेसाठी थांबवली नाही. आपण जागेपासून सुरुवात करतो. जागेचा वाद मिटेपर्यंत तालीम थांबते. तालीम थांबली की नुकसान जागेचे होत नाही, मुलांचे होते.

आमच्या तीन बैठकांच्या काळात सातवीची एक तुकडी बाहेर पडली. तिच्यात अकरा मुली होत्या. त्यांतल्या तीन तालुक्याला जातात. आठ जणी घरी आहेत. एक मुलगी परवा बाजारात भेटली. सलाम करून म्हणाली, "मॅडम, आठवीचा वर्ग कधी सुरू होणार?" मी म्हणाले, "इन्शाअल्लाह, लवकरच." घरी येईपर्यंत मला स्वतःचीच शरम वाटत राहिली, कारण प्रोसिडिंग मीच लिहिले होते आणि त्यात आठवीच्या वर्गाचा उल्लेख कुठेच नव्हता.

चौथी बैठक पुढच्या जुम्म्याला आहे. या वेळी मी फक्त लिहायला बसणार नाही. चाचांची परवानगी घेऊन त्यांचा तो प्रश्न सर्वांत वर, पहिल्या विषयाच्या जागी लिहिणार आहे. त्याखाली माझे नाव लिहीन. शाळा सुटल्यावर रोज दीड तास, उर्दू आणि मराठी. गणित-विज्ञानासाठी आणखी दोन नावे हवी आहेत. गावात निवृत्त शिक्षक आहेत, बी.एससी. होऊन घरी बसलेल्या सुनाही आहेत. मशिदीमागच्या दोन खोल्या दुपारनंतर रिकाम्या असतात. नियमित हायस्कूलची मान्यता मिळेपर्यंत या आठ मुलींचे अर्ज बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी कसे भरता येतील, त्याची चौकशी मी सुरू केली आहे.

बायपासची जागा की कब्रस्तानालगतची, याचा वाद मग सावकाश होऊ द्या. तो मिटेल तेव्हा मिटेल. पायाचा दगड ठेवायची वेळ आली, तर त्या आठ जणींतल्या सर्वांत लहान मुलीला बोलवायचे, एवढे मात्र मी आत्ताच सुचवून ठेवणार आहे.